सहीची ओळख

मार्चमध्ये एरीला जायचं म्हणजे
तळ्यावरचा वारा आणि मिठाने पांढरे पडलेले बूट.
पिट्सबर्गहून दोन तास गाडी हाकत आले
एका सहीसाठी, जी माझी नाही.

मृत्युपत्रांच्या खिडकीमागची डोलोरेस
कागद सुलटा धरते, उलटा धरते, परत सुलटा.
ही सही आहे?
आहे, बाई. देवनागरी आहे. अच्युत ढमढेरे.
आडनावात दोन ढ, शाळेत काय काय ऐकलं असेल त्याने;
म्हणूनच की काय, दोन्ही ढ ऐटीत वळवायचा.
शिरोरेघ सगळ्यात शेवटी,
आणि ती कुठे थांबवायची हे त्याला कधीच कळलं नाही.
नाव संपलं तरी रेघ चालूच.
इथेही बघा, समासाबाहेर गेली आहे.

एक्याण्णव सालचा कागद. स्वतःच टाइप केलेला,
जेवणाच्या टेबलावर, मी भांडी घासत असताना.
साक्षीदार नाहीत, नोटरीचा शिक्का नाही.
या राज्यात तेही चालतं म्हणे;
फक्त माणूस गेल्यावर दोघांनी येऊन शपथ घ्यायची
की हे अक्षर त्याचंच.

दुसरा साक्षीदार वॉल्टर कोवाल्चिक,
बावीस वर्षं दर गुरुवारी त्याच्याबरोबर बोलिंग खेळलेला.
किराण्याच्या पिशवीतून स्कोअरचे कागद घेऊन आलाय,
प्रत्येकावर तळाशी सही.
मला वाचता येत नाही, तो म्हणतो,
पण दोरीवर वाळत घातलेले हे मोजे मी कुठेही ओळखीन.
नावाचा अर्थ विचारतो. न ढळणारा, मी सांगते.
तो हसता हसता खोकतो.
आम्ही तर त्याला शिंक म्हणायचो.

मग डोलोरेस पहिलं कलम वाचते.
माझं सर्व काही माझी पत्नी हेमलता हिला.
चष्म्यावरून माझ्याकडे बघते,
मग माझ्या लायसन्सकडे, मग परत माझ्याकडे.
दोन हजार तीन, मी म्हणते. ऑक्टोबर.
याच इमारतीत, वरच्या मजल्यावर.
ती मान हलवते. तिला माहीत असतं:
घटस्फोट झाला की ते कलम आपोआप मरतं,
खोडायलाही लागत नाही.
बारा वर्षं हातात होती त्याच्या. वीसही म्हणा.
बदलायचं राहिलं, की बदलायचं नव्हतं,
की ड्रॉवरच्या तळाशी वीजबिलांखाली सापडलंच नाही:
फॉर्मवर यासाठी रकाना नाही.

आता घर, गाडी, बँकेतलं सगळं
दुसऱ्या कलमाने इचलकरंजीच्या भाच्याला,
पंधरा टक्के वारसा कर कापून.
बायकोला शून्य, लेकरांना साडेचार, भावंडांना बारा,
बाकी जगाला पंधरा.
आम्ही रात्र रात्र भांडून जे अंतर मोजू शकलो नाही
ते पेनसिल्व्हेनियाने तक्त्यात छापून ठेवलंय.

जिला काही मिळायचं नाही तिची साक्ष पक्की,
डोलोरेस म्हणते. चांगल्या मनाने म्हणते.
उजवा हात वर करा.
मृताची सही आपण ओळखता?

ओळखते.
घराच्या कर्जावरची ओळखते, न वटलेल्या चेकवरची ओळखते,
बर्फात अडकलेल्या माझ्या गाडीच्या काचेवर
बोटाने केलेली ओळखते.
फक्त वरच्या मजल्यावरच्या त्या एका कागदावर
रेघ नावाबरोबर थांबली होती,
ताच्या दांडीशी, काटकोनात, नीट.
तेव्हा कुणी मला साक्षीला बोलावलं असतं
तर मी शपथेवर सांगितलं असतं,
ही त्याची नाही.

हो, मी म्हणते.
वॉल्टरही हो म्हणतो, गरजेपेक्षा मोठ्याने.

बाहेर आलो तर माझ्या पार्किंगच्या मीटरवर
चाळीस मिनिटं शिल्लक होती.
वॉल्टरची संपली होती.
त्याला म्हटलं, गाडी इथे आण.